‘पॅसिफाय’ केलं, तरी काकाजी का दुखावले?

पत्र:

‘मॅडम, मी २४ वर्षांची आहे. नागपुरात दुचाकींच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून काम करते. लोक गाडी घेऊन येतात, मी तक्रार ऐकून जॉबकार्ड बनवते आणि संध्याकाळी गाडी परत देते. गेल्या आठवड्यात एक काकाजी, निवृत्त शिक्षक, स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही म्हणून तिसऱ्यांदा आले. आधी दोन्ही वेळा आमच्याकडून ब्रेक फक्त ॲडजस्ट करून दिला होता. ते काउंटरवर खूप ओरडले. मी त्यांना कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, “खरं आहे काकाजी, या उन्हात तीन-तीन चकरा कायले माराव्या कोनी?” मग ते शांत झाले, गाडी ठेवून घरी गेले.

संध्याकाळी मी मॅनेजरना मेल केला. आमच्याकडे गिऱ्हाइकालाही कॉपी टाकायचा नियम आहे. मी लिहिलं, “द कस्टमर वॉज व्हेरी अँग्री. आय पॅसिफाइड हिम अँड ही लेफ्ट.” रात्री काकाजींचं मराठीत उत्तर आलं: “मी तुमच्याकडे शांत व्हायला आलो नव्हतो, ब्रेक दुरुस्त करून घ्यायला आलो होतो. आणि मी तान्हं पोर नाही.”

मॅनेजर म्हणतात, माफी माग. सोबतचे म्हणतात, काकाजी उगाच तपून राह्यले. दुसऱ्या दिवशी ब्रेकचा ड्रम उघडला तर आतले ब्रेक शू पार झिजलेले निघाले, ड्रमही आतून खराब झालेला. नवा ड्रम यायला आठ दिवस लागतील. मी डिक्शनरी पाहिली. पॅसिफाय म्हणजे शांत करणे, हाच अर्थ दिलाय. मग माझं चुकलं काय? आणि माफी कोणत्या शब्दांत मागू? मी मराठी माध्यमात शिकले, इंग्रजीत लिहिताना आधीच हात थरथरतो. आता तर मेल उघडायचीच भीती वाटते. मला तू म्हटलं तरी चालेल.

एक वाचक, नागपूर’

उत्तर:

तू म्हण असं तूच लिहिलंस, म्हणून तू म्हणते. आणि आधी तुझ्या त्या भीतीबद्दल बोलते.

तुझ्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मी ३० वर्षांहून जास्त काळ इंग्रजी शिकवलं. या क्रियापदाशी मुलं कुठे अडखळतात ते मला पाठ आहे. ‘त्यांना शांत केलं’ यातला ‘ना’ डोक्यात असतो, म्हणून ‘पॅसिफाइड टू हिम’ लिहितात. कोणी ‘विथ हिम’ लिहितं. या क्रियापदाला कर्म थेट लागतं, मध्ये कोणी नको. ते तू बरोबर लिहिलंस. भूतकाळात शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, तोही तू बरोबर लिहिला असणार. म्हणजे मराठी माध्यमाचा इथे काही दोष नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही हेच वाक्य रोज लिहितात आणि त्यांच्याही गिऱ्हाइकांना ते असंच टोचतं. फक्त सगळी गिऱ्हाइकं काकाजींसारखं उत्तर लिहीत नाहीत.

डिक्शनरीत शब्दापुढे अर्थ दिलेला असतो. पण तो शब्द रोज कोणासोबत उठतो-बसतो, हे तिथे सहसा सापडत नाही. ते पाहावं लागतं. इंग्रजी वाचताना ‘पॅसिफाय’ दिसला की पुढचा शब्द बघत जा. पुढे येतं रडणारं बाळ, किंवा खवळलेला जमाव, किंवा बंड करून उठलेला मुलूख. आता या तिघांच्या रांगेत एका निवृत्त शिक्षकाला नेऊन उभं कर. त्यांना काय वाटलं असेल ते कळायला मग डिक्शनरी लागत नाही.

बाळाचं तर नातं अगदी उघड आहे. बाळाच्या तोंडात देतात त्या रबरी चोखणीला अमेरिकेत ‘पॅसिफायर’ म्हणतात. इंग्लंडमध्ये तिलाच ‘डमी’ म्हणतात. काकाजींनी ‘तान्हं पोर’ लिहिलं ते रागाच्या भरात सुचलेलं नाही. त्यांना तो शब्द नीट माहीत आहे.

आमच्या शेजारी सात महिन्यांचं बाळ आहे. परवा त्याची आई आंघोळीला गेली म्हणून मी त्याच्याजवळ बसले होते. ते रडायला लागलं तशी मी चोखणी दिली. त्याने ती पटकन धरली. गाल आत-बाहेर व्हायला लागले, डोळे मिटले, मुठी सैल झाल्या. मला वाटलं, झालं. दोन मिनिटांनी चोखणं थांबलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, जिभेने ती चोखणी बाहेर ढकलली आणि आधीपेक्षा दुप्पट आवाजात रडायला लागलं. त्याला भूक लागली होती आणि चोखणीत दूध नव्हतं.

तुझं पत्र वाचताना मला ती चोखणी आठवली. काकाजींची मागणी ब्रेकची होती. तुझ्या मेलमध्ये ब्रेक हा शब्दच नाही. ‘द कस्टमर वॉज अँग्री’, ‘आय पॅसिफाइड’, ‘ही लेफ्ट’. ते चिडले, मी शांत केलं, ते गेले. का चिडले? कितव्यांदा आले? गाडीचं काय ठरलं? हे काहीच त्यात नाही. ज्याने तुझा मेल वाचला त्याला एवढंच कळलं, की एक म्हातारा माणूस ओरडत होता आणि एका हुशार मुलीने त्याला गप्प केलं. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला तुझ्या पत्रावरून दिसतं. पण काकाजींच्या हातात पत्र नव्हतं, मेल होता.

शब्दाचं मूळ मात्र फार चांगलं आहे. लॅटिनमध्ये ‘पॅक्स’ म्हणजे शांतता, आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. शांतता करणे. याच घरातला ‘पॅसिफिक’. १५२० साली मॅगेलन दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडची खवळलेली सामुद्रधुनी पार करून पलीकडे निघाला, तिथलं पाणी त्याला शांत वाटलं, म्हणून त्या समुद्राला त्याने ते नाव दिलं. आपण त्याला प्रशांत महासागर म्हणतो. तो समुद्र आपणहून शांत होता. ‘पॅसिफाय’मध्ये मात्र एक जण शांत करणारा असतो आणि दुसरा शांत केला जाणारा. सगळा फरक इथे आहे.

आणि शांत करणारा बहुतेक वेळा ताकदवान असतो. तू सीताबर्डीच्या किल्ल्याखालून जात-येत असशील. त्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत नागपूरकर भोसल्यांची आणि ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली आणि भोसले हरले. अशा लढायांनंतर जिंकणारा लिहितो, मुलूख शांत झाला. इंग्रजांनी १८८६ साली ब्रह्मदेश आपल्या राज्याला जोडला. तिथल्या लोकांनी पुढे कित्येक वर्षं झुंज दिली, गावं जाळली गेली, माणसं मारली गेली. तिथे मुख्य आयुक्त राहिलेल्या क्रॉस्थवेट नावाच्या अधिकाऱ्याने १९१२ साली त्या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘पॅसिफिकेशन ऑफ बर्मा’ आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनेही आपल्या खेड्यापाड्यांतल्या मोहिमेला हाच शब्द वापरला. ज्यांना शांत केलं त्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, तुला शांत वाटतंय का.

तू हे सगळं मनात धरून लिहिलं नाहीस. तू तो शब्द बहुधा वर्तमानपत्रातून उचललास. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत हा शब्द वारंवार येतो: रस्त्यावर अपघात झाला, लोक जमले, पोलिसांनी जमावाला ‘पॅसिफाय’ केलं. मराठी बातमीतही ‘पोलिसांनी समजूत काढल्यावर जमाव पांगला’ असं छापून येतं. तिथे तो शोभतो, कारण बातमीदार जमावातला नसतो आणि जमाव त्याचं गिऱ्हाईक नसतो. तू मात्र काकाजींबद्दल लिहीत होतीस आणि वाचायला काकाजीच बसले होते. ज्याच्याबद्दल लिहितो तोच वाचणार असेल, तर हा शब्द टाळायचा. मी तरी कधीच वापरणार नाही.

आता मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मला आनंद होतोय.

इंग्रजीत शांत करण्यासाठी आणखी एक शब्द आहे, ‘सूद’. शेवटचा उच्चार जिभेचं टोक दातांना लावून, मऊ. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात फिरवतात, भाजलेल्या बोटावर फुंकर घालतात, बसलेल्या घशाला मध-आलं देतात, तिथे हा शब्द येतो. हा शब्द आला ‘सूथ’पासून, आणि जुन्या इंग्रजीत ‘सूथ’ म्हणजे सत्य. भविष्य सांगणाऱ्याला ‘सूथसेयर’ म्हणतात तो यावरूनच, खरं सांगणारा. म्हणजे ‘सूद’ करणे याचा अगदी पहिला अर्थ होता, खरं ठरवणे. एखादा काही सांगतोय, त्याला दुजोरा देणे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत अर्थ सरकत गेला. दुजोरा देणे, मग हो ला हो करणे, मग त्यामुळे समोरचा निवतो म्हणून शांत करणे.

आता तुझं काउंटरवरचं वाक्य आठव. ‘खरं आहे काकाजी.’ तू पाण्याचा ग्लास दिलास, कूलरसमोर बसवलंस, ते सगळं चांगलंच. पण ते निवले ते तुझ्या ‘खरं आहे’ने. सकाळपासून, किंबहुना पहिल्या चकरेपासून, ते जे सांगत होते त्याला कोणी तरी पहिल्यांदा खरं म्हटलं. तू तिथे जे केलंस ते या शब्दाच्या मुळात आहे. तुला कोणी शिकवलं नव्हतं, ते तुझ्या तोंडात आपसूक आलं, आणि तेही आपल्या नागपुरी बोलीत आलं. संध्याकाळी मेल लिहिताना मात्र तेच वाक्य गळालं आणि त्याच्या जागी ‘पॅसिफाइड’ आला. काकाजींना दुपारी जे मिळालं होतं, ते रात्री परत काढून घेतल्यासारखं झालं. माझ्या मते ते यानेच दुखावले.

म्हणून तू मेलमध्ये ‘आय सूद्ड हिम’ लिहायला हवं होतंस, असं मात्र समजू नकोस. आजच्या इंग्रजीत तोही शब्द बाळ, जखम आणि घसा यांचाच आहे.

आपल्या भाषेकडे बघ जरा. आपण म्हणतो, त्यांचा राग निवळला. माझी आजी पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की माठाच्या आतून निवळीची बी घासायची. एक सपाटसर, गोल, पिवळट बी. ती घासून झाली की माठाला हात लावू द्यायची नाही. आम्ही पोरं तहानेने तळमळत उभी, आणि ती म्हणायची, हालवू नका, बसू द्या त्याले. गाळ हळूहळू तळाशी जायचा आणि वरचं पाणी स्वच्छ व्हायचं. निवळणं हे पाण्याचं काम होतं, आजी फक्त बी घासायची. ‘राग निवळला’ म्हणताना आपण राग असलेल्या माणसाला त्याच्या जागी मानाने बसू देतो. मी त्याचा राग निवळला, असं आपण म्हणत नाही. तसं वाक्यच होत नाही मराठीत. ‘पॅसिफाय’मध्ये नेमकं तेच वाक्य होतं.

‘शमवणे’ हा शब्दही असाच शहाणा आहे. भूक शमवतात, तहान शमवतात, राग शमवतात. माणसाला कोणी शमवत नाही. इंग्रजीत याचा जोडीदार ‘अस्वेज’. अपराधाची टोचणी, भीती, दुःख, भूक, यांच्यापुढे तो येतो. पण तो जरा पुस्तकी आहे, वर्कशॉपच्या मेलमध्ये घालू नकोस.

डिक्शनरीत ‘पॅसिफाय’च्या आजूबाजूला आणखी काही शब्द तुला दिसले असतील, त्यांच्यावर थोडक्यात लिहिते, कारण घाईत तू यातलाच एखादा उचलशील. ‘मॉलिफाय’ म्हणजे मऊ करणे, नरमवणे. हा बहुधा कर्मणी प्रयोगात येतो, ‘माफी मागितल्यावर ते थोडे नरमले’ अशा अर्थी. ‘प्लॅकेट’मध्ये मनधरणी आहे, आणि हातात बहुतेक वेळा काही तरी असतं: सवलत, भेटवस्तू, फुकट सर्व्हिसिंग. ‘अपीज’ हा सगळ्यात धोक्याचा. भूक भागवणे, देवाला प्रसन्न करणे असे त्याचे जुने साधे अर्थ आहेतच. पण सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक इथे इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी हिटलरच्या मागणीपुढे मान तुकवली, चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतेन प्रदेश त्याला देऊ केला, आणि वर्षभरातच महायुद्ध पेटलं. तेव्हापासून या शब्दाला जो डाग लागला तो निघाला नाही. आपल्याकडच्या राजकारणात ‘तुष्टीकरण’ आणि ‘लांगूलचालन’ म्हणतात ते याच अर्थाने. गिऱ्हाइकाला ‘अपीज’ केलं असं लिहिशील, तर त्याची मागणी गैर होती आणि तू घाबरून ती मान्य केलीस असा अर्थ होईल.

एक शब्द मात्र वेगळा काढून ठेव, ‘कन्सोल’. सांत्वन करणे. माझे वडील गेले तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पत्र पाठवलं. निळ्या शाईत, ओळी सरळ याव्यात म्हणून खाली रेघांचा कागद ठेवून लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं: ‘तुम्हाला पॅसिफाय करायला घरी कोणी तरी असेल अशी आशा करतो.’ मला त्याचा राग आला नाही, उलट त्या मुलाच्या मायेने डोळे भरले. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. पण तो शब्द वाचताना मी क्षणभर थांबले होते. दुःखात असलेल्या माणसाला शांत करायचं नसतं, त्याच्याजवळ बसायचं असतं. ‘कन्सोल’मध्ये ते जवळ बसणं आहे, ‘पॅसिफाय’मध्ये रडणं थांबवण्याची घाई आहे. तू कधी कोणाच्या घरी भेटायला गेलीस आणि इंग्रजीत दोन ओळी लिहाव्या लागल्या, तर हे लक्षात ठेव.

अनोळखी माणसाच्या शब्दातलं टोचणं हे असं असतं. माझ्या विद्यार्थ्याला मी ओळखत होते, म्हणून तो शब्द मला लागला नाही. काकाजी तुला ओळखत नाहीत.

मॅनेजरना काय लिहायला हवं होतं, ते आता सांगते. तुझ्या कामात सारखं लागणार आहे म्हणून वाक्यंच देते. ‘द कस्टमर केम फॉर द थर्ड टाइम विथ द सेम रिअर ब्रेक प्रॉब्लेम. आय अपॉलजाइज्ड फॉर द रिपीट व्हिजिट्स अँड टुक द स्कूटर इन. वी विल ओपन द ब्रेक ड्रम टुमॉरो मॉर्निंग.’ तीन वाक्यं. यात राग हा शब्द नाही, शांत हा शब्द नाही. तिसऱ्यांदा आले म्हटलं की ते का ओरडले ते मॅनेजरना आपोआप कळतं. आणि काकाजींनी वाचलं तर त्यांना दिसतं की आपली तक्रार जशी आहे तशी लिहून घेतली.

काउंटरवरचा गोंधळ मॅनेजरना सांगणं भागच असेल, तर ‘डिफ्यूज’ चालेल: ‘आय ट्राइड टू डिफ्यूज द सिच्युएशन.’ बॉम्बची वात काढून घ्यावी तसं. याचं कर्म परिस्थिती आहे, माणूस नाही, म्हणून तो कोणाला लागत नाही. स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘डी’नंतर ‘ई’ येतो. तिथे ‘आय’ आणि पुढे दोन ‘एफ’ घातलेस तर तो पसरवणे या अर्थाचा दुसराच शब्द होतो, आणि ही चूक मोठमोठे लोक करतात. दुसरा उपयोगी शब्द ‘रीअश्युअर’, विश्वास देणे. पण तो वापरलास की पुढे कशाचा विश्वास दिला ते लिहायलाच हवं: ड्रम उघडून बघू, गाडी स्वतः चालवून मगच परत देऊ. आणि मग ते पाळायलाही हवं.

तोंडी बोलतानाही एक सवय लावून घे. चिडलेल्या माणसाला ‘काम डाउन सर’ म्हणू नकोस, मराठीत ‘शांत व्हा’सुद्धा म्हणू नकोस. त्याने कोणी शांत झाल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. तू म्हणालीस ते ‘खरं आहे’ पुरे. अर्थात खरं असेल तेव्हाच. समोरच्याचं म्हणणं चुकीचं असेल, तर ‘तुम्हाला तीनदा यावं लागलं हे खरं आहे’ एवढं तरी खरं असतंच, तेवढंच म्हण.

आता माफी. तुझ्या सोबतच्यांचं ऐकू नकोस. काकाजी उगाच तपलेले नाहीत. मागचा ब्रेक न लागणारी गाडी घेऊन ते नागपूरच्या रस्त्यांवरून तीनदा तुमच्याकडे आले, आणि ड्रम उघडल्यावर शू पार झिजलेले निघाले. शू झिजले असतील तर वरून कितीही ॲडजस्ट केलं तरी ब्रेक धरत नाही. म्हणजे त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून बरोबर होती. माफी माग, मनापासून माग, आणि मराठीत माग. त्यांनी मराठीत लिहिलं आहे, तू इंग्रजीत उत्तर देऊ नकोस. तिथे तुझा हातही थरथरणार नाही.

असं काही तरी लिही: ‘आदरणीय काकाजी, सप्रेम नमस्कार. त्या दिवशीच्या मेलमध्ये मी तुमच्याबद्दल वापरलेला शब्द चुकीचा होता. तुमची तक्रार खरी होती आणि मी ती लिहिलीच नाही. एकाच ब्रेकसाठी तुम्हाला तीन वेळा यावं लागलं, याबद्दल मी माफी मागते.’ यापुढे गाडीचं लिही. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व’ असं मात्र लिहू नकोस. ‘असेल तर’ म्हटलं की माफी उलट त्यांच्यावरच येऊन पडते, जणू वाईट वाटून घेणं हा त्यांचा दोष. आणि शब्दाचा अर्थ, डिक्शनरी, मराठी माध्यम, यातलं काही त्या पत्रात आणू नकोस. ते माझ्याकडे लिहिलंस ते ठीक.

एक गोष्ट मला तुझ्या पत्रात सापडली नाही. ड्रम उघडल्यावर काय निघालं, हे काकाजींना कोणी कळवलं का? तू मला लिहिलंस, मॅनेजरना माहीत आहे, मेकॅनिकला माहीत आहे. ज्यांची गाडी आहे त्यांना सांगितल्याचं कुठे दिसत नाही. आठ दिवस लागणार हेही त्यांना माहीत नसेल, तर ते रोज फोनची वाट बघत असतील. मेलच्या आधी फोन कर. उन्हं चढायच्या आत, सकाळीच. ‘काकाजी, तुम्ही म्हणत होता तेच निघालं’ हे पहिलं वाक्य असू दे. मग ड्रमचं सांग, तारीख सांग, तोवर त्यांचं जाणं-येणं कसं होतंय ते विचार. वर्कशॉपमध्ये द्यायला दुसरी गाडी असेल तर मॅनेजरना विचारून ठेव, मगच फोन लाव.

आणि मेकॅनिकला आजच सांगून ठेव, ते जुने ब्रेक शू भंगारात टाकू नकोस म्हणून. कागदात गुंडाळून तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. काकाजी गाडी न्यायला आले की किल्लीच्या आधी ते त्यांच्या हातात दे.